मक्याच्या कणसात दाणे असे विरळ का? (तोंडात चारच दात उरल्यासारखे)

परसदारची:

नमस्कार मंडळी. पालेभाज्या, वेलवर्गीय वगैरे मला बऱ्यापैकी जमतात, म्हणून यंदा हौसेने मका लावला. कुंपणाच्या भिंतीला धरून एका ओळीत नऊ झाडं. वाढली झकास, माझ्यापेक्षा उंच झाली. तुरे आले, कणसं धरली, केस तपकिरी झाले. मोठ्या उत्साहाने सोलली आणि पार हिरमुसले.

फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन करते. पहिल्या कणसात इथे एक दाणा, तिथे दोन, मध्ये मोकळं रान. जे दाणे आहेत ते मात्र टपोरे, गोल, बोराएवढे. दुसरं खालून छान भरलेलं, पण वरचा तिसरा भाग नुसता दांडा. तिसऱ्याची एक बाजू भरलेली, दुसरी बोडकी आणि अख्खं कणीस केळ्यासारखं वाकलेलं. बाकीची याच तिघांची भावंडं.

खत वेळेवर घातलंय, कीड दिसली नाही. नक्की काय चुकलं?

शेणखतप्रेमी:

खत कमी पडलं, दुसरं काय. मका भयंकर खादाड पीक आहे. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही लागतात त्याला. शेंडा रिकामा म्हणजे नत्र कमी, दाणे वेडेवाकडे म्हणजे स्फुरद कमी. पुढच्या वेळी दुप्पट घाला.

चिमणचारा:

मला तर वाटतं तुमच्या मक्याचे दुधाचे दात पडलेत. येतील नवे. :)

कोरडवाहू:

खताकडे नंतर येऊ. आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे तिन्ही कणसांचा उलगडा होईल: मक्याचा एक केस म्हणजे एक दाणा.

कणसाच्या टोकातून तो जो झुपका लोंबतो ना, तो शोभेचा नाही. त्यातला प्रत्येक केस आत एकेका कोवळ्या बीजांडाला जोडलेला असतो. वर तुऱ्यात नरफुलं, खाली कणसात मादीफुलं. तुऱ्यातून पराग झडतो, वाऱ्यावर येतो, केसाला चिकटतो, मग त्या परागातून एक नळी निघते आणि केसाच्या आतून खाली बीजांडापर्यंत जाते. केस वीतभर लांब असला तरी हा प्रवास साधारण दिवसभरात पुरा होतो. पोचली नळी, तर दाणा. ज्या केसावर पराग पडलाच नाही, त्याची जागा कायमची रिकामी. शेजारचा दाणा तिथे सरकत नाही, फार तर थोडा फुगून पसरतो. तुमच्या पहिल्या कणसातले बोराएवढे दाणे तसेच झालेत. एरवी दाटीवाटीत चौकोनी होणारा दाणा मोकळी जागा मिळाली की गोल होतो.

एका कणसात पाचशेच्या आसपास दाणे धरायचे तर तितके केस भिजायला हवेत. (आम्ही ‘भिजणं’ म्हणतो, पाण्याने नव्हे, परागाने.) एका तुऱ्यात पराग लाखोंनी असतो, तेव्हा तुटवड्याचा प्रश्न नाही. तो केसावर पडतो का, हा प्रश्न आहे. तुमची नऊ झाडं एका ओळीत उभी. वारा ओळीला आडवा आला की सगळा पराग अंगणात आणि तुमच्या केसांवर शून्य. तुमच्या डोक्यावरच्या केसांवर पडला असेल कदाचित.

म्हणून मका ओळीत लावत नाहीत, चौकोनात लावतात. सोळाच झाडं असतील तर चार बाय चार. मग वारा कुठूनही येवो, पराग कुणाच्या तरी केसांवर उतरतोच. हा पराग वजनाला जड, फार लांब जात नाही. बराचसा झाडाच्या आसपासच खाली बसतो.

निवडुंग:

कोरडवाहू, पटतंय, पण पूर्ण नाही. माझीही एकच ओळ असते, दरवर्षी. कणसं गच्च भरतात.

कोरडवाहू:

ओळ किती लांब? आणि आसपास आणखी कुणाचा मका आहे का?

निवडुंग:

ओळ चाळीसेक झाडांची. आणि हो, कुंपणापलीकडे मक्याचंच शेत आहे...

बरं, समजलं. मी गप्प बसतो.

परसदारची:

निवडुंग, हाहा. कोरडवाहू, पहिल्या कणसाचं पटलं. पण दुसऱ्यात खाली भरलंय आणि वर नाही, तिसरं वाकडं, असं का? पराग काय ठरवून एका बाजूला पडतो?

कोरडवाहू:

ठरवून नाही, पण वेळापत्रक असतं. सगळे केस एकदम बाहेर येत नाहीत. कणसाच्या बुडाकडचे आधी, शेंड्याचे सर्वांत शेवटी. या दोहोंत चार ते आठ दिवसांचा फरक पडतो. इकडे तुरा मात्र केसांची वाट बघत नाही, तो आधी सुरू होतो आणि आठवड्याभरात बराचसा रिता होतो. शेंड्याचे केस डोकावतात तेव्हा वरचा बाजार उठलेला असतो. मोठ्या शेतात उशिरा फुललेली दहा झाडं ही कसर भरून काढतात. नऊ झाडांत कोण भरणार?

वाकड्याचं कारण गमतीदार आहे. केसांचा झुपका लांब झाला की एका बाजूला लोंबतो. वरचे केस खालच्यांवर छत्री धरतात आणि खालच्यांना पराग मिळत नाही. मग कणसाची ती बाजू मोकळी राहते. भरलेली बाजू वाढते, मोकळी वाढत नाही, आणि कणीस मोकळ्या बाजूकडे वळतं. भिंतीकडच्या केसांवर वारा पोचला नसेल, हेही शक्य आहे.

आणि केस किती लांब झाले होते ते आठवतंय का? भिजेपर्यंत केस वाढतच राहतो, रोज दोन-तीन सेंटिमीटर. भिजला की थांबतो. केसांची लांबच लांब वेणी लोंबत असेल तर समजावं, वाट बघून थकलेत बिचारे.

परसदारची:

अय्या! इतके लांब होते की मी कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते.

शेणखतप्रेमी:

सगळं परागावर ढकलू नका. माझ्याकडे चौकोनात लावलेला मका होता, तरी शेंडे रिकामे राहिले होते. पुढच्या वर्षी खत वाढवलं, शेंडे भरले.

कोरडवाहू:

खोटं नाही म्हणत. दाणा दोन प्रकारे जातो. एक तर धरतच नाही, नाहीतर धरून मग झाड त्याला सोडून देतं. केस भिजल्यानंतरचे साधारण दोन आठवडे नाजूक असतात. त्यात पाण्याचा ताण पडला, नत्र संपलं, आठवडाभर दाट ढग राहिले किंवा लष्करी अळीने पानं फस्त केली, तर झाडाला सगळी पोरं पोसवत नाहीत. मग ते शेंड्याकडून सोडायला लागतं, कारण तिथले दाणे सर्वांत उशिरा जन्मलेले आणि अन्नाच्या वाटेवर सर्वांत शेवटी बसलेले.

दोन्हींतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो. शेंडा नीट बघा, जमल्यास भिंगातून. तिथे बारीक, पांढुरके, चपटे, पापुद्र्यासारखे दाणे असतील तर ते धरून मेलेले. तिथे खत-पाणी हेच उत्तर, शेणखतप्रेमी जिंकले. दाण्याचा मागमूसही नसेल, नुसते टोकदार ठिपके असतील, तर पराग पोचलाच नाही.

परसदारची:

थांबा, बघून येते.

परसदारची:

नुसते ठिपके. एका कणसात मात्र ठिपक्यांच्या खाली पापुद्र्यांच्या दोन-तीन रांगा आहेत. म्हणजे दोन्ही?

एक कबुली देते. केस आले त्याच सुमारास आम्ही चार दिवस बाहेरगावी होतो. पाणी कुणी घातलं नाही. ऊनही चांगलंच होतं.

कोरडवाहू:

बाई, नेमके तेच चार दिवस! मक्याला बाकी कधी तहान लागली तर तो पानं गुंडाळून सोसतो, पण तुऱ्यापासून केसांपर्यंतच्या दिवसांत सोसत नाही. पाणी तुटलं की केस उशिरा निघतात आणि तुरा मात्र आपल्या वेळेला झडून मोकळा होतो. नवरा मांडवात, नवरी अजून न्हाणीघरात. त्यात हवा कोरडी आणि पारा ३५ अंशांच्या वर गेला तर केस वाळतात, त्यावर पराग रुजत नाही. परागाचंही आयुष्य किती, तर हवेत आल्यावर फार तर तास-दोन तास. रणरणत्या उन्हात त्याहूनही कमी.

भुंगा:

बाहेरगावी जाणाऱ्यांनी निवडुंग लावावा. (निवडुंग यांनी रागावू नये.)

एक किडा डोक्यात आहे. कुठलंही कणीस घ्या, मधोमध मोडा आणि दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा. नेहमी सम संख्या येते. १२, १४, १६, १८. कधीच १५ नाही. लावता पैज?

चिमणचारा:

लावली. आत्ताच मोजल्या, १३ आल्या. काय देता?

भुंगा:

कणीस भरलेलं आहे का विरळ?

चिमणचारा:

विरळच, धाग्याला साजेसं.

भुंगा:

मग पैज रद्द. विरळ कणसात दाणे फुगून इकडेतिकडे सरकतात, ओळी कळतच नाहीत. भरलेलं घ्या. कारण असं की कोवळ्या कणसावर फुलांचे झुबके जोडीजोडीनेच निघतात, म्हणून ओळीही जोडीने. प्रत्येक झुबक्यात खरं तर दोन फुलं असतात, त्यातलं खालचं आपोआप खुरटतं आणि वरच्याचा दाणा होतो.

आता गंमत. काही जातींत ते खालचं फूलही जगतं. मग एकाच्या जागेत दोन दाणे कोंबले जातात आणि ओळींचा पत्ताच राहत नाही, लांबट दाणे गर्दीत शिरल्यासारखे. ‘कंट्री जंटलमन’ ही जुनी अमेरिकी गोड जात अशीच. तिचं कणीस सोलणाऱ्याला वाटावं काहीतरी बिघडलंय, पण ते तिचं रूपच आहे. तेव्हा परसदारची ताई, पाकिटावर जातीचं नाव एकदा बघून घ्या.

परसदारची:

साधा गोड मका आहे. पाकिटावरच्या चित्रात ओळी अशा सरळ की पट्टी लावून घ्यावी.

उंटावरची:

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण कणसाच्या गोंधळाचाच आहे. माझी कणसं गच्च भरली, पण दाणे सारखे नाहीत. पांढऱ्या गोड मक्यात मध्येच पिवळे, टणक दाणे, चवीला पिठूळ. बियाणं भेसळीचं असेल का?

कोरडवाहू:

जवळपास लाह्यांचा किंवा दाण्याचा मका कुणी लावलाय का?

उंटावरची:

मीच लावलाय. शेजारच्या वाफ्यात, लाह्यांचा.

कोरडवाहू:

मग बियाण्याला दोष नाही. काकडी, भोपळ्यात परक्या जातीचा पराग आला तरी त्या वर्षीच्या फळात काही दिसत नाही, ते बी पेराल तेव्हा पुढच्या पिढीत दिसतं. मक्यात आपण बीच खातो. दाण्यातला पिठाचा भाग आई आणि बाप दोघांकडून बनतो, दोन वाटे आईचे, एक बापाचा. त्यामुळे बापाचा रंग आणि पिठूळपणा त्याच कणसात, त्याच हंगामात उमटतो. गोडवा हा दबून राहणारा गुण, समोर पिठूळ बाप आला की हरतो. म्हणजे तुमच्या कणसातला प्रत्येक पिवळा दाणा सांगतोय की माझा बाप शेजारच्या वाफ्यातला.

दोन वेगळ्या प्रकारचे गोड मकेही एकमेकांना बिघडवू शकतात. गोडव्याची कारणं दोघांत वेगळी असतील तर संकरातून निघतो तो पिठूळ दाणा. घरच्या बागेत अंतर राखणं अवघड, म्हणून पेरणीत दोनेक आठवड्यांचं अंतर ठेवा. तुरे आणि केस एका वेळी भेटले नाहीत की झालं.

भुंगा:

याच दाण्यांवरचे ठिपके आणि शिंतोडे बघत बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ओळखलं की गुणसूत्रावरचे काही तुकडे जागा बदलतात. चाळीसच्या दशकातलं काम, बरीच वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही, १९८३ मध्ये नोबेल. तेव्हा विचित्र कणीस दिसलं की लगेच फेकू नये.

आळशी माळी:

गेल्या वर्षी पाकिटातला मका अप्रतिम आला होता. त्यातलं सर्वांत सुंदर कणीस बियाण्याला ठेवलं. यंदा तेच पेरलं, तर एक झाड कमरेएवढं, एक डोक्याच्या वर, आणि कणसं परसदारची यांच्यासारखी. उत्तम कणीस निवडून हे फळ?

कोरडवाहू:

पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं असणार. संकराचा जोर एकाच पिढीचा. पुढच्या पिढीत आजोबा-पणजोबांचे सगळे गुण पत्ते पिसल्यासारखे वाटले जातात. त्यात एकाच कणसाचं बी म्हणजे सगळी झाडं सख्खी-सावत्र भावंडं. मक्याला जवळच्या नात्यातलं लग्न अजिबात सोसत नाही, पिढी लगेच खुरटते. सरळ वाणाचं बी धरणारेसुद्धा एका कणसावर थांबत नाहीत, शंभरेक झाडांतून थोडं थोडं घेतात.

आणि बघा, फिरून आपण तिथेच आलो. झाडं लहानमोठी झाली की फुलतात वेगवेगळ्या दिवशी. एकाचा तुरा झडून गेला, दुसऱ्याचे केस आत्ता निघतायत. कणीस विरळ. न उगवलेल्या जागी पंधरा दिवसांनी बी टोचणाऱ्यांचंही हेच होतं. ते उशिराचं झाड हिरवंगार दिसतं, पण त्याच्या केसांना कुणी वाली नसतो.

चिमणचारा:

माझ्या एका फुटव्याच्या तुऱ्यावरच दाणे आलेत! वर, उघड्यावर, पालाबिला काही नाही. नरफुलात दाणे कसे?

कोरडवाहू:

कोवळेपणी मक्याच्या प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही असतात. पुढे तुऱ्यात मादी भाग खुरटतो आणि कणसात नर. बुडाशी फुटलेल्या फुटव्यांत हा हिशेब कधीकधी चुकतो. झाडाला काही झालेलं नाही. पाखरांना मेजवानी.

परसदारची:

ठरलं, पुन्हा लावते. पण सोळाच झाडं मावतील. हाताने पराग टाकता येतो ना?

कोरडवाहू:

येतो, सोपं आहे. दव वाळल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तुऱ्याला कागदी पिशवी लावून झटका. प्लॅस्टिकची नको, आत दमटपणा धरतो आणि पराग गोळा होऊन बसतो. पिवळी धूळ जमली की लगेच केसांवर भुरभुरा. दुपारसाठी राखून ठेवू नका. आणि एकदा करून थांबू नका, शेंड्याचे केस येईपर्यंत दिवसाआड करत राहा. एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या केसांवर टाकला तर उत्तम.

तुऱ्यावर मावा चिकटलाय का, तेही बघा. त्याच्या चिकट्यात पराग अडकून बसतो. भुंगेरे केस कुरतडून आखूड करत असतील तर त्यांना आवरा. भिजण्याआधी केस पार बुडाशी कुरतडले गेले तर सगळी मेहनत वाया.

भिजलं की नाही हे न थांबता कळायचं असेल तर एक कणीस बळी द्या. पाला हलक्या हाताने सोला, केस ओढू नका, आणि कणीस आडवं धरून झटका. भिजलेले केस गळून पडतात, न भिजलेले चिकटून राहतात.

शेणखतप्रेमी:

आणि खत?

कोरडवाहू:

घाला की! गुडघ्याएवढं झाल्यावर एकदा आणि तुरा दिसायच्या आधी एकदा. दुप्पट नको.

परसदारची:

(तीन महिन्यांनी)

धागा वर काढतेय. चार बाय चार, सोळा झाडं, सगळी एकाच दिवशी पेरली. दोन उगवली नाहीत, त्या जागा तशाच रिकाम्या ठेवल्या. केसांच्या दिवसांत कुठेही गेले नाही, एका लग्नालासुद्धा नाही, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

शेणखतप्रेमी यांच्यासाठी एक प्रयोग केला. मधल्या एका झाडाला खत, पाणी सगळं बाकीच्यांसारखं दिलं, पण कणसाचे केस दिसल्यावर फक्त दोन दिवस मोकळे ठेवले. मग कागदी पिशवी घट्ट बांधली आणि सगळे तुरे झडून संपल्यावरच काढली.

बाकीच्यांतली अकरा कणसं शेंड्यापर्यंत भरलेली, ओळी सरळ. प्रयोगाचं कणीस खालून निम्म्यापर्यंत गच्च आणि त्यावर एकदम, कापल्यासारखा, कोरा दांडा. एक पापुद्रासुद्धा नाही. पिशवीतले केस मात्र हातभर लांब झाले होते.

कोपऱ्यातल्या दोन झाडांची कणसं अजूनही वाकडी आहेत. तिकडे वारा बाहेर जातो, आणि हाताने टाकायला मला कंटाळा आला होता.

शेणखतप्रेमी:

मान्य. पिशवीने हरवलं मला. पण तो खालचा अर्धा भाग गच्च कशामुळे भरला, तेवढं विचारा स्वतःला. ;)

भुंगा:

ओळी मोजल्यात का?

परसदारची:

मोजल्या. १६, १६, १४, १६. आणि हो, एक १५.

भुंगा:

पुन्हा मोजा.

परसदारची:

१६. :)